मोडीचा वर्ग सोडू नकोस

रावेर,
भाद्रपद

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

काय रे भो, मोडीचा वर्ग सोडलास म्हणे! का, तर सगळी अक्षरं सारखीच दिसतात आणि साठीला टेकलेल्या डोक्यात नवं काही शिरत नाही. पहिलं कारण पटलं. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लोंबकळवायची, गोंधळ होणारच. दुसऱ्यावर मात्र भांडायचंय.

मेंदूच्या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच, पुढे नुसती घट, असं आपण शाळेत घोकलं. पण १९६५ मध्येच जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी जन्मानंतरही उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी सांभाळणाऱ्या भागात, नव्या चेतापेशी तयार होतात हे दाखवलं होतं. बराच काळ कुणी मनावर घेतलं नाही. १९९८ मध्ये एरिकसन आणि गेज या शास्त्रज्ञांना अशा नव्या पेशी माणसातही सापडल्या, तेही कॅन्सरने गेलेल्या उतारवयातल्या रुग्णांच्या मेंदूत.

खरी गंमत या पेशींच्या कामात आहे. ज्या उंदरांमध्ये त्या तयार होणं थांबवलं, त्यांना लांबलांबच्या दोन जागा ओळखता आल्या. जवळजवळच्या दोन जागांत मात्र ते चुकले. म्हणजे सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला फरक धरणं, तुझं मोडीचं दुखणं नेमकं तेच! आणि यातल्या बऱ्याच पेशी काही आठवड्यांतच मरतात. त्या काळात उंदराला काही अवघड शिकावं लागलं, तर जास्त तगतात. सोप्या कामाचा तसा उपयोग होत नाही.

माणसाबद्दल अजून वाद आहे. २०१८ मध्ये एका गटाला प्रौढांत अशा पेशी जवळजवळ दिसल्याच नाहीत. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला सत्तरी ओलांडलेल्यांतही दिसल्या. मी दुसऱ्यांच्या बाजूचा, पण हट्ट नाही. कारण जुन्या पेशींमधले जोड तर आयुष्यभर बदलतात आणि शिकणं मुख्यतः त्यांच्यावरच चालतं.

आमच्या सालदाराचंच बघ, वयाने आपल्याहून थोरला. गेल्या साली केळीवरचा करपा आणि सीएमव्ही हा विषाणूचा रोग त्याला एकच वाटे. आता पान हातात धरून सांगतो: खालच्या जुन्या पानावर शिरांना धरून बारीक पिवळट रेघा आल्या आणि पुढे तपकिरी झाल्या, तर करपा, पोग्यातून निघालेल्या कोवळ्या पानावरच तुटक पिवळे पट्टे आले, तर सीएमव्ही. करप्याला पान कापून फवारणी चालते, सीएमव्हीला अख्खं झाड उपटावं लागतं. चुकलं की पैसे गेलेच! हे नव्या पेशींनी केलं की जुन्या, देव जाणे.

आता माझा स्वार्थ. आजोबांच्या ट्रंकेत एक मोडी खत निघालंय, बांधाच्या वादात कामाचं दिसतंय. झेरॉक्स सोबत जोडलीय. सगळं नको, पहिल्या दोन ओळी तेवढ्या लाव. अडलेली अक्षरं वर्गातल्या गुरुजींना दाखव आणि पोळ्याला आला नाहीस, तसं दिवाळीला करू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुरेश