नाकाच्या मापाने मोजलेली माणसे

संपादक महोदय,
जातनिहाय गणनेवर सध्या पुष्कळ लिहिले जाते, पण त्यात हर्बर्ट रिस्ले हे नाव क्वचितच येते. १९०१ च्या जनगणनेचे हे आयुक्त मानववंशशास्त्राचे अभ्यासक. नाकाच्या रुंदी-लांबीच्या गुणोत्तरावरून जातीची सामाजिक पायरी कळते, असा त्यांचा दावा होता. जनगणनेत त्यांनी जातींची उतरंडच लावायला घेतली आणि वरची पायरी मिळावी म्हणून अनेक जातींनी सरकारकडे अर्ज केले. पुढे हेच रिस्ले गृहसचिव म्हणून बंगालच्या फाळणीची आखणी करत होते. एकसंध बंगाल ही ताकद आहे, विभागला तर तो निरनिराळ्या दिशांना ओढला जाईल, असे त्यांनी १९०४ मध्ये सरकारी टिपणात लिहून ठेवले. माणसे मोजणारा आणि त्यांच्यात भिंत घालणारा हात एकच होता!

त्याआधी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. आमच्या सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवले होते. त्या भागाला आजही लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला रद्द झाला. पण चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायचे, ही सवय सुटलेली नाही, याचे फार वाईट वाटते.

मानवशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा इतिहास पहिल्याच वर्षी शिकवावा आणि शिकवणाऱ्यांत भटक्या-विमुक्त समाजातले अभ्यासक असावेत, ही विद्यापीठांना कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, सोलापूर