ती साडी धुऊ नकोस

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

कुरियर पोचल्याचं कळलं. फोनवर तू म्हणालीस, "आई, साडीला कसला तरी उग्र वास येतोय, ड्रायक्लीनला टाकू का?" आणि माझ्या पोटात धस्स झालं. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. टाकू नकोस गं. तो केवडा आहे.

माझ्या आजोळी, सावंतवाडीकडे, घरामागच्या वहाळाच्या कडेने केवड्याचं बन होतं. पावसाळ्यात कणसं निघायची. आजी उजाडायच्या आत कोयती घेऊन जायची, कारण ऊन चढलं की वास उतरतो. पात्याच्या दोन्ही कडांना काटे आणि मागच्या शिरेवरही काटे. मी पुढे सरसावले की ती ओरडायची, "हात लाव नको गो, काटो लागतलो!" मग पडवीत बसून ती एकेक पातं अलगद सोलायची आणि आतला पराग पिठासारखा तिच्या लुगड्यावर सांडायचा. तो ती झटकायची नाही. सुगंध असतो फक्त नर झाडाच्या कणसाला. मादी झाडाला अननसासारखं फळ धरतं, त्याच्याकडे आजी ढुंकूनही बघायची नाही.

शंकराला केवडा वाहत नाहीत, केतकीने ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली म्हणून. आमच्याकडे तो गणपतीला, आणि उरलेली पाती ट्रंकेत, लुगड्यांच्या घड्यांमधून. पाती सुकून तपकिरी पडायची, कुरकुरीत व्हायची, तरी ट्रंक उघडली की माजघर भरून जायचं. आजी कुणाच्या लग्नाला निघाली की मी तिच्या पदरात तोंड खुपसून बसायची.

ती गेली तेव्हा तिचं एक हिरवं लुगडं माझ्या वाट्याला आलं. मी ते घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी धुतलं. चांगल्या मनाने धुतलं, चिऊ. डाग होते, ते जावेत म्हणून साबणाच्या पावडरीत रात्रभर भिजवलं. सकाळी दोरीवर टाकताना सवयीने नाकाशी नेलं, तर नुसता साबण. मी तिथेच गच्चीत बसून रडले. आजी गेली त्या दिवशीही तेवढी रडले नव्हते.

त्यानंतर कित्येक वर्षं मी तो वास शोधत होते. मुंबईत एका दुकानातून अत्तर आणलं, ते संध्याकाळपर्यंत उडालं आणि ब्लाउजवर तेवढा तेलकट डाग राहिला. मग महंमद अली रोडवरच्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्या चाचांनी माझ्या मनगटाच्या मागे काडी टेकवली आणि म्हणाले, थोडं थांबून मग हुंगा. त्यांचा केवडा ओडिशातल्या गंजमचा होता. तिथे कणसं तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर मंद आचेवर ठेवतात, झाकण मातीने लिंपतात, आणि वाफ बांबूच्या नळीतून खालच्या भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, चंदनाच्या तेलात उतरते. मी थांबले. आधी चंदन आलं, आणि त्याच्यामागून हळूहळू पडवी आली. अगदी तीच नव्हती. आजीच्या केवड्यात ट्रंकेच्या लोखंडाचा आणि जुन्या सुताचाही वास मिसळलेला असे, तो कुठल्या कुपीत मिळायचा? पण डोळे भरून येण्याइतकी जवळची होती.

साडीबरोबर छोटी कुपी आहे, ती त्यांच्याकडचीच. अत्तर थेट रेशमावर लावू नकोस, डाग पडतो. कापसाचा फाया कर, मलमलच्या पुरचुंडीत बांध आणि घडीच्या बाजूला ठेव. आणि तुझ्या बाळाला सहावा महिना लागला की ती साडी नेसून त्याला मांडीवर घे.

तुझी,
आई