हक्कसोडपत्राची घाई नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरातलं कर्तं माणूस गेलं की तेरावा उरकतो, पाहुणे पांगतात आणि लेकी सासरी निघायच्या आत कुणीतरी हक्कसोडपत्राचा, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडून देण्याच्या कागदाचा, विषय काढतं. ‘सगळ्या इथंच आहेत, परत हेलपाटा नको,’ हे त्याचं कारण. दुःखात बुडालेल्या बहिणीला तेव्हा नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हटलेलं पुढं पचत नाही. मग ती भाऊबिजेला येईनाशी होते, किंवा येते आणि जेवून लगेच निघते. हा दुरावा टाळता येतो, म्हणून हे पत्र.

मुळात वारस नोंद आणि हक्कसोड ही दोन वेगळी कामं आहेत, आणि गावोगाव ती एकच समजली जातात. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज एवढं तलाठ्याकडे द्यायचं. महसूल संहितेनुसार मुदत तीन महिन्यांची. त्यानंतर नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, प्रमाणित करतात. यात आई, मुलगे, मुली, आधी वारलेल्या मुलाची बायको-मुलं अशी सगळ्यांची नावं लागतात. त्यासाठी कुणाचीही हक्कसोडाची सही लागत नाही. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव आलं म्हणजे जमिनीचे तुकडे पडले, ही भीतीही खोटी. वाटप व्हायचं तर सर्वांच्या संमतीने तहसीलदारांकडे त्याच संहितेच्या कलम 85 खाली, नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा दिवाणी कोर्टातून होतं.

भावाची अडचण मात्र खरी असते. विकास सोसायटीचं पीककर्ज काढताना सगळ्या खातेदारांची संमती मागतात, दरवर्षी सह्या गोळा करत फिरायचं कसं? बहुतेक हट्टामागे लोभापेक्षा ही कटकटच जास्त असते. ती तोंडाने सांगितली तर बहीण आनंदानं संमतीपत्र लिहून देते. न सांगता कोऱ्या ठिकाणी बोट ठेवून ‘इथं सही कर’ म्हटलं की तिला वाटतं, आपल्याला माहेरातून काढलं.

आमचं आग्रहाचं सांगणं आहे की वारस नोंद वेळेत करा, पण वर्षश्राद्ध होईपर्यंत हक्कसोडाचं नाव काढू नका. या वर्षात भावंडांनी एकदा तरी फक्त हिशेबासाठी बसावं. समोर सातबारा, खात्यावरची सगळी जमीन दाखवणारा आठ-अ, सोसायटीचं येणं-देणं आणि बँकेची पासबुकं ठेवावीत. वडिलांच्या दवाखान्याचा खर्च कुणी किती केला, हे बोलून टाकावं. शेवटच्या आजारपणात रात्री जागलेल्या सुनेचं नाव या हिशेबात कुणी घेत नाही, आणि घरातली निम्मी कडू भाषा तिथून सुरू होते. आईला निरोप्या करू नका. एकाचं दुसऱ्याला सांगताना तिचा जीव मेटाकुटीला येतो, आणि शब्द बदलतात ते वेगळंच.

वर्षानंतर बहिणीला खरंच हक्क सोडायचा असेल तर दस्त तिनं घरी नेऊन वाचावा, गट नंबर आणि क्षेत्र ताडून पाहावं. वडिलार्जित मिळकतीच्या हक्कसोडाला मुद्रांक 500 रुपयांचा, म्हणून तो किरकोळ कागद वाटतो. पण नोंदला गेलेला दस्त मन बदललं म्हणून रद्द होत नाही. आईनं आपला हिस्सा मुलाला देताना सांभाळाची अट कागदातच लिहून घ्यावी. सांभाळ झाला नाही तर दिलेला हिस्सा परत मागायला 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 चा आधार त्या अटीवर उभा राहतो. तोंडी शब्दावर दाद मिळवणं अवघड जातं.

जिथं दुरावा आधीच पडलाय, तिथं भावानं जमिनीचा विषय न काढता आधी बहिणीच्या घरी जावं, एकट्यानं. सही कशी घेतली गेली हे तिला पूर्ण बोलू द्यावं, मध्ये खुलासा देऊ नये. पहिल्या भेटीत एवढंच पुरे. तरीही मिटलं नाही, तर थेट दाव्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. फसवणुकीने घेतलेल्या दस्ताविरुद्ध दाद मागायची असेल तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही.

आपले,
दोन निवृत्त महसूल कर्मचारी, सातारा जिल्हा