आधी पसरू द्या, मग या! आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

काल दुपारी सरकारी आरोग्य योजनेचा मेसेज आला, इंजेक्शन नामंजूर. कणकेच्या हातानेच तीनदा वाचला.

मी कळव्यात पोळीभाजी केंद्र चालवते. काखेत गाठ आली, फॉलिक्युलर लिम्फोमा निघाला, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा, गाठींमध्ये वाढणारा कॅन्सर, पहिली स्टेज. डॉक्टरांनी जोडीने उपचार लिहून दिले. 12 दिवस लाईट, म्हणजे रेडिएशन, एकूण 24 ग्रे (हे लाईटचं माप), आणि आठवड्याला एक असे रिटुक्सिमॅब या इंजेक्शनचे चार डोस. लाईट गाठीपुरता. बाकी अंगात चुकार पेशी दडल्या असतील, तर त्यांच्यावरच्या सीडी20 या खुणेला हे औषध जाऊन चिकटतं. दहावी नापास बाईला एवढं समजलं.

योजनेच्या खिडकीवर मात्र उत्तर मिळालं, पहिल्याच स्टेजला इंजेक्शन कशाला, पसरला तर बघू. साहेब, मग मी पसरायची वाट बघू? कार्ड देताना तर पाच लाखांचं कवच होतं.

पहिला डोस भिशी उचलून घेतला. अशी थंडी भरली की दोन चादरी पुरेनात. एका डोसचे 28 हजार सांगतात. माझी पोळी आठ रुपयांची. साडेतीन हजार पोळ्या झाल्या, पीठ आणि गॅस फुकट धरून! पहाटे चारला लाटायला बसते, घामाने लाईटसाठी काखेत आखलेल्या खुणा पुसतात. मग ठाण्याहून पनवेल गाडी धरायची, तिथे टेक्निशियन मुलीची बोलणी खायची, की ती जांभळ्या पेनाने परत आखते.

औषध 1997 चं. 2007 पासून हैदराबादची कंपनी ते आपल्याकडेच बनवते. एप्रिल 2024 मध्ये पवईला राष्ट्रपतींच्या हस्ते स्वदेशी कार-टी उपचाराचं (पेशंटच्याच पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) लोकार्पण झालं, टाळ्या आम्हीही वाजवल्या. आणि इथे एवढं जुनं औषध खिडकीत अडकतं.

पण तुम्हाला एकट्याला काय बोलू! आमच्याकडे इमारतही पडल्यावरच धोकादायक ठरते. आधी भेगा दाखवायला गेलं तर अर्ज करा, पडल्यावर सगळे हजर, फोटोवाल्यासकट. वाढदिवसाच्या फ्लेक्सला मात्र कुणी स्टेज विचारत नाही.

दोन्ही उपचार एकाच अर्जात मंजूर करा. नाहीच केलं, तर नाकारणाऱ्या डॉक्टरने मराठीत कारण लिहून खाली सही करावी.

उद्या दहावा लाईट. त्या मेसेजला उत्तर पाठवता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

आपली (अशी पद्धत आहे म्हणून),
कळव्यातली एक पोळीवाली