पागी काकोसांना जाहीर आभारपत्र

काकोसा, खम्मा घणी.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे ठाऊक असूनही पत्र मराठीत लिहिते आहे. तुमच्या नातवाला फोनवर यातलं सगळं हिंदीतून सांगेनच. पण माझी वाळवंटाची छायाचित्रं पाहणारे बहुतेक जण मराठी आहेत आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : एवढ्या उजाड जागी तुम्हाला दरवेळी नवीन दिसतं तरी काय? त्याचं खरं उत्तर तुम्ही आहात. म्हणून आभारही त्यांच्या देखत.

आधी त्यांना तुमचं काम सांगते. थर वाळवंटाच्या वाळूत माणसाचा किंवा जनावराचा माग काढणारा तो पागी. चोरीला गेलेलं ढोर, कळपातून भरकटलेला उंट, रात्री सीमेच्या बाजूने आलेली पावलं, हे सगळं पागी वाळूवरून वाचतो. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत लष्कराच्या उपयोगी पडलेल्या गुजरातच्या रणछोडदास पागींचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. तुमचं नाव कुठे छापून आलेलं नाही, आणि छापायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, तेव्हा ते इथेही येणार नाही.

जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम गावचे धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, आहेत. तिथे संध्याकाळी काय दिसतं ते सगळ्यांना पाठ आहे. मावळता लाल गोळा, उंटांची काळी रांग, आणि ती टिपायला उभे असलेले शे-दोनशे मोबाईल. त्या चित्रात वाईट काहीच नाही, पण त्यातला सूर्य कुठलाही आणि उंटही कुठलाही असू शकतो. त्या जागेचं असं त्यात काही उतरत नाही. मी तुमच्याकडे आले ती कुणीतरी 'यांना वाटा माहीत आहेत' म्हणून नाव सुचवलं म्हणून. वाटा तुम्ही दाखवल्यातच. पण माझ्या कामाचं वळण ज्याने बदललं ते वाटा दाखवणं नव्हे, तुमचं चालणं.

तुम्ही माग काढताना सूर्य समोर घेता. ठसा कायम तुमच्या आणि सूर्याच्या मधे राहील अशा बेताने चालता, म्हणजे ठशाची जवळची कड उजळते आणि खोलगटात सावली भरते. सूर्य पाठीवर असेल तर तोच ठसा सपाट होतो, असून नसल्यासारखा. त्याच कारणाने तुमचं काम पहाटे आणि दिवस कलल्यावर. दुपारी तुम्ही खेजडीखाली पडी टाकणार. (खेजडी म्हणजे आपली शमी.) आता छायाचित्रणाच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर सल्ला असतो, सूर्य पाठीशी ठेवा. निसर्गचित्रं काढणारे तो लवकरच सोडतात आणि बाजूचा तिरपा प्रकाश पकडतात, मीही पकडत होते. पण थेट समोरून येणाऱ्या प्रकाशाकडे मी क्षितिजावरच्या काळ्या आकृत्यांसाठीच पाहायचे. तुमच्यामागे चालताना नजर खाली वळली. समोरून येणाऱ्या उन्हात वाळूचा कण न् कण आपापली सावली टाकतो. एडवर्ड वेस्टन या अमेरिकी छायाचित्रकाराने १९३६मध्ये कॅलिफोर्नियाच्या ओशियानो किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या टिपल्या, त्या चित्रांतल्या वळ्या मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. सावली तिथेही बोलते हे डोळ्यांना माहीत होतं, पण हाताला ते तुमच्यामुळे कळलं.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण नवशिके हमखास विचारतात. कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक समोर जे असेल ते मध्यम करडं धरून चालतं. उजळ वाळू त्यामुळे मळकट येते. एक्स्पोजर साधारण एक स्टॉप वाढवावं, म्हणजे प्रकाश दुप्पट आत घ्यावा लागतो. समोरून ऊन असेल तर हा हिशोबही पुरत नाही, मग उजळ कडा जळणार नाही एवढं पाहायचं आणि सावलीचं नंतर बघायचं. काकोसा, हे तुमच्या कामाचं नाही, पण तुम्ही एकदा पडद्यावर चित्र पाहून 'कड गेली' म्हणालात तेव्हा नेमकं हेच म्हणत होतात.

दुसरी गोष्ट वेळेची. ठसा किती जुना, हे तुम्ही कसं सांगता ते मला सुरुवातीला जादूच वाटायचं. ताज्या ठशाची कड धारदार असते. वारा लागला की ती गोल होते, मग तळाशी बारीक वाळू साठते. रात्रीच्या वाऱ्याने उठवलेल्या वळ्या ठशावरून गेल्या असतील तर जनावर वाऱ्याच्या आधीचं. ठसा वळ्या मोडून गेला असेल तर नंतरचं. ठशावरून भुंगेऱ्याची रेघ गेली असेल तर तो भुंगेरा फिरायला निघण्याच्या आधी जनावर पुढे गेलेलं. फुरसं, ज्याला तुम्ही बांडी म्हणता, ते आडवं सरकतं तेव्हा तिरप्या सुट्या रेघा मागे टाकतं, एकीला दुसरी न जोडणाऱ्या. सेवण गवताचं पातं वाऱ्याने वाकून वाळूत कमान कोरतं, आणि कमान किती ठळक यावरून तुम्ही रात्री वारा कसा होता ते सांगता. एका हातभर जागेत आख्खी रात्र क्रमाने लिहिलेली असते. माझी 'रात्रीनंतर' ही मालिका म्हणजे याहून वेगळं काही नाही : हातभर जागा, समोरचं ऊन आणि कोण आधी, कोण नंतर. या चित्रांत क्षितिज नाही. लोक त्याला धाडस म्हणतात. मला तर तुम्ही मान खाली घालूनच चालायला लावलं होतंत.

आणि चालायचं ते मागाच्या कडेने, मागावरून कधीच नाही. माझ्याबरोबर आलेल्या मंडळींना तुम्ही वाऱ्याच्या बाजूच्या उताराने आणलंत, ज्या बाजूचं चित्र हवं त्या बाजूला कुणाचा पाय पडू दिला नाहीत. धोऱ्याची वाऱ्याकडची बाजू सावकाश चढते आणि आडोशाची बाजू घसरणीची असते. कोरडी वाळू साधारण चौतीस अंशांपेक्षा तीव्र उतारावर टिकत नाही, तिथे एक पाऊल पडलं तरी लोंढा खाली येतो आणि उतार विस्कटतो. थरमधले पुष्कळ धोरे कोयरीच्या वळणाचे आहेत, बाजूच्या भुजा झाडझुडपांनी धरून ठेवलेल्या आणि मधला भाग वाऱ्याबरोबर पुढे गेलेला. फोगाची झुडपं तोडली की भुजा सुटते, हे तुम्ही एका धोऱ्यावर बोट ठेवून दाखवलंत. त्यानंतर मला झुडूप चित्रातला अडथळा वाटलं नाही. तो धोरा त्याच्याच जिवावर उभा आहे.

आता तारा आणि पवनचक्क्या. जैसलमेर भागात क्षितिजावर त्या इतक्या आहेत की निसर्गचित्रं काढणारे एक तर कॅमेरा फिरवतात, नाही तर नंतर संगणकावर त्या पुसून टाकतात. मला पुसणं पटत नाही, हे मत मात्र माझंच आहे. गोडावण, म्हणजे आपला माळढोक, ज्याच्यासाठी आपल्याकडे नान्नजचं अभयारण्य आहे, तो आता जगात दीडशेच्या आसपासच उरला आहे आणि बहुतेक तिकडेच. हा जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि विजेच्या तारांवर आदळून मरतो. त्या तारा चित्रातून गाळल्या तर मग चित्र कशाचं? पण तुम्ही तिथेही मला भलतंच काही दाखवलंत. भर दुपारी, जेव्हा आपण कामच करत नाही तेव्हा, पवनचक्कीच्या खांबाची सावली माळावर पट्टीसारखी पडली होती आणि तेवढ्याच पट्टीत मेंढ्या एकामागे एक उभ्या होत्या. सावली सरकेल तशी रांग सरकत होती. तुम्ही त्यात ना हळहळलात ना हसलात. मेंढ्यांना सावली हवी, ती तिथे आहे, एवढंच म्हणालात. त्या मेंढ्यांचं चित्र माझ्या सगळ्या कामात सर्वांत जास्त मागितलं जातं आणि त्यावर लोक काय काय अर्थ लावतात ते ऐकून तुमची करमणूक होईल.

एका बाबतीत आपलं अजून जमलेलं नाही. चित्रात माणूस नसेल तर ते अर्धंच, असं तुम्ही म्हणता, आणि दर खेपेला 'बाईसा, इथं कुणीच नाही' म्हणून चित्र परत देता. मी म्हणते, ठसे आहेत की. तुम्ही म्हणता, ठसा म्हणजे निघून गेलेला माणूस. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही आणि ते शोधायची मला घाईही नाही.

नव्या मालिकेचा छापील संच नातवाच्या पत्त्यावर पाठवला आहे. कागद मॅट आहे, कारण चकचकीत कागदावर सावलीत समोरचा दिवा दिसतो. खिडकीपाशी, ऊन तिरपं असताना पाहा. फुरशाचं चित्र आणि खोकडाच्या पावलांचं चित्र, या दोन्हींत छपाईत कड गोल झाली असावी असा मला संशय आहे. ठसा होता त्याहून जुना वाटतोय का, तेवढं कळवा. तसं असेल तर दोन्ही पुन्हा छापून घेते.

तुमची,
बाईसा