नाशिकच्या मित्रास, काजूच्या मोसमातून

वाळपई, सत्तरी
१४ एप्रिल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दोनदा साबण लावून हात धुतले, तरी बोटांना बोंडूचा, काजूच्या फळाचा, वास येतोच आहे. तो जायच्या आत तुला पत्र लिहायचं ठरवलं. फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं, आणि तू मध्येच काहीतरी विचारून मला भलतीकडे नेलं असतंस.

फेब्रुवारीत तू मला चार दिवस द्राक्षबागांतून आणि वायनरींतून फिरवलंस, त्याबद्दल मी नीटसे आभारसुद्धा मानले नव्हते. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला वायनरीत गर्दी होती, ते ठीकच. पण दिंडोरीकडच्या त्या छोट्या वायनरीत टाक्यांच्या थंडगार खोलीत आपण उभे होतो, ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग कसा बघायचा, मग गोल फिरवून आधी नाक, मग जीभ, हे तू मला लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलंस. शेनिन ब्लाँक या पांढऱ्या वाईनमध्ये तुला पेरूचा वास सापडला आणि मला काहीच सापडेना. मग शिराझ या लाल वाईनचा ग्लास हातात आला, नाकाशी नेला आणि मी पटकन म्हणालो, “मिरी!” आमच्या परसात पोफळीवर चढलेल्या वेलीवरची, उन्हात वाळत घातलेली मिरी. तू केवढा खूश झालास. म्हणालास, “बघ, तुझ्या घरातला वास तुला बरोबर कळला.”

खरं सांगतो, ते वाक्य मी गोव्यापर्यंत घेऊन आलो. आणि त्याच दिवशी त्या वायनरीतल्या माणसानं सहज विचारलं होतं, “तुमच्याकडे काय बनतं?” तेव्हा मी “फेणी” म्हणालो खरा, पण आवाज खाली घेऊन. ते मला फार लागून राहिलं. शाळेत असताना मोसमात आमच्या कपड्यांना फेणीच्या भट्टीचा वास यायचा आणि बाकावरची मुलं सरकून बसायची. तेव्हापासून मी मामाच्या भट्टीकडे फिरकलोच नव्हतो. इतकी वर्षं! दुसऱ्याच्या गावी जाऊन ग्लास फिरवायला शिकलो आणि स्वतःच्या घरच्या पेयाला एकदाही नाक लावून बघितलं नाही.

तू मागे विचारलं होतंस की गोव्यात द्राक्ष का नाही, मग ती पोर्ट वाईन कुठली? आमच्याकडे पोर्ट वाईन म्हणून गोड लाल वाईन बारमध्ये मिळते, नाताळात घरोघरी असते, पण तिचं द्राक्ष घाटावरचं. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दौरू नदीच्या खोऱ्यातली. तिथे रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं स्पिरिट घालून आंबणं थांबवतात, म्हणून फळाची गोडी शिल्लक राहते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर जवळजवळ ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि एरवीही हवेत दमटपणा असतोच. तुम्ही एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी बहाराची छाटणी करून वेलीला बरोबर कोरड्या थंडीत फळावर आणता. इथे वेल डावणीच्या बुरशी रोगानंच मरेल. आमच्या मातीनं काजू धरला. पोर्तुगीजांनी १६व्या शतकात तो ब्राझीलहून आणला आणि आज आमच्या सत्तरी तालुक्याच्या डोंगरांवर तो जणू कायमचाच इथला आहे.

तर गेल्या रविवारी पहाटे मामाकडे गेलो. थोरला मामा, वयानं सत्तर ओलांडलेला, अजून रोज डोंगर चढतो. बोंडू झाडावरून काढायचा नाही, हा त्याचा पहिला नियम. पिकून आपसूक पडलेला तेवढाच घ्यायचा. काठीच्या टोकाला खिळा बसवलेला असतो, तो टोचून फळ उचलायचं, पिळा देऊन बी वेगळी करायची आणि बोंडू टोपलीत. मी वाकून वाकून हातानंच वेचायला लागलो तर मामी म्हणाली, “अशी कंबर मोडशील, काठी घे.” पिवळे आणि लाल दोन्ही बोंडू होते. पिवळा जास्त रसाळ, असं मामी म्हणते. दोन्ही खाऊन बघितले, घसा दोन्हींनी सारखाच धरला.

रस काढायचा कातळात कोरलेला उतरता चौथरा अजून आहे. पूर्वी पायांनी तुडवायचे, आता मामानं छोटं यंत्र आणलंय, पण चोथ्याचा ढीग रानवेलींनी आवळून वर दगड ठेवायची पद्धत सोडलेली नाही. त्या दाबाखालून थेंब थेंब जे ठिबकतं त्याला नीरो म्हणतात. मामीनं स्टीलच्या पेल्यात तो दिला. मित्रा, मी पेला तिरका धरला, तू शिकवलंस तसा. रंग जवळजवळ पाण्याचा, जरासा ढगाळ. वासाला पिकलेलं फळ आणि ओलं गवत. जिभेला आधी गोड, मग अगदी शेवटी घशाशी एक हलकासा तुरटपणा. तुझ्या त्या रेड वाईनमध्ये टॅनिन म्हणून जे दाखवलं होतंस ना, त्याचाच हा भाऊ. नीरो सकाळीच प्यायचा. ऊन चढलं की तो आंबायला लागतो.

आंबवायला यीस्ट वगैरे काही घालत नाहीत. फळाबरोबर आणि हवेतून जे येतं तेच काम करतं. दोन-तीन दिवस पिंपात ठेवलेल्या रसावर फेस धरतो, तोंड उघडलं की आत बारीक बुडबुड्यांचा आवाज येतो. मी कान लावून किती वेळ उभा होतो. तुझ्या वायनरीतल्या स्टीलच्या टाकीला काटा होता, तापमान दाखवणारा. इथे मामा फक्त ऐकतो आणि वास घेतो. त्याला कळतं.

मग भट्टी. तांब्याचं भाण, तोंड मातीनं लिंपून घट्ट बंद केलेलं, खाली लाकडांचा जाळ. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरते. त्याला लावणी म्हणतात. लावणी पाण्यात बसवलेली असते आणि वरून करवंटीनं सारखं पाणी ओतत राहायचं, म्हणजे वाफ थंड होऊन खाली उतरते. ते काम मला दिलं. जाळ फार झाला तर करपट वास लागतो, कमी झाला तर धार तुटते. मामा मधून मधून एक लाकूड ओढून बाहेर काढायचा, परत आत सारायचा, बोलणं चालूच.

पहिल्या उकळीत जो निघतो तो हुर्राक. पहिली धार आली तशी मामानं थोडी करवंटीत धरली आणि उठून काजूच्या मुळाशी राखणदार देवाच्या नावानं ओतली. मग दुसरी करवंटी माझ्या हातात. हुर्राकात साधारण १५ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे तुमच्या वाईनहून थोडं वर. पण अंगानं किती हलका! वास सरळ बोंडूचा, जरा धुराची किनार. मामीनं नंतर लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून दिला, तोही आवडला, पण मला आता तो कोराच जास्त बोलतो. हुर्राक टिकत नाही, पावसाळ्यापर्यंत त्याची चव उतरते. म्हणून आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये माणसं त्याची अशी वाट बघतात.

हाच हुर्राक ताज्या आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा उकळला की फेणी. इथे दारूच्या कडकपणाच्या मापाला ग्राव म्हणतात, पोर्तुगीजांच्या वेळचा शब्द. मामाकडे माप आहे, पण तो आधी बाटली हलवून बुडबुडे बघतो. फेसावरूनच फेणी नाव पडलं, असं सगळे सांगतात. ती ४२ टक्क्यांच्या आसपास असते. मामानं तिचे चार थेंब माझ्या तळहातावर टाकले. “चोळ आणि थांब,” म्हणाला. लगेच हुंगलं तर नाकात नुसती झिणझिणी. थांबलो. दारू उडून गेली, तळहात कोरडा झाला आणि मग जे मागे राहिलं ते… अतिपिकलेलं फळ, वाळलेलं गवत, थोडा धूर, आणि त्याच्याही मागे आमच्या आजीच्या माळ्यावरचा वास, जिथे मोसमाच्या बिया पसरलेल्या असायच्या. माझे डोळे भरून आले. ज्या वासानं मी शाळेत मान खाली घालायचो, तोच हा. मामानं काही विचारलं नाही. लाकूड पुढे सारलं.

दुसऱ्या दिवशी दक्षिण गोव्यात सासष्टीकडे गेलो, माडाची फेणी बघायला. ती काजूच्या आधीपासूनची. रेंदेर माडावर सकाळ-दुपार-संध्याकाळ चढतो, पोयीला, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याला, छाटणी देऊन सूर म्हणजे त्याचा रस काढतो. त्या सुरातून फेणी, व्हिनेगर, माडाचा गूळ, आणि सान्नांचं, म्हणजे आमच्या इडल्यांचं, पीठही त्यावरच फुगतं. माडाची फेणी सौम्य असते, पण त्या दिवशी मला फारसं सुचेना, नाक काजूनंच भरलं होतं. येताना कांदोळीच्या ‘ऑल अबाउट अल्कोहोल’ म्युझियममध्ये गेलो. फेणीची जुनी भांडी, मोठमोठ्या काचेच्या गाराफाव बाटल्या, मापं, सगळं मांडून ठेवलंय. तुला ते आवडेल.

एका गोष्टीनं मात्र जीव जळला. किनाऱ्यावरच्या एका दुकानातून ‘अस्सल गावठी’ म्हणून बाटली घेतली. तळहातावर चोळली, थांबलो. काहीच राहिलं नाही, फक्त मुलांच्या गोळ्यांसारखा गोडसर इसेन्सचा वास. पर्यटक हीच पिऊन तोंड वाकडं करतो आणि घरी जाऊन सांगतो की फेणी उग्र असते, घाण वास येतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारनं तिला देशी दारूच्या यादीतून काढून गोव्याचं वारसा पेय म्हटलं. चांगलंच झालं. पण मामाच्या मुलाला भट्टी पुढे चालवायची नाही, त्याला वेर्ण्याला कारखान्यात नोकरी आहे. डोंगर चढणारं माणूस मिळत नाही, लाकूड महाग, काजू बीचा दर पडलेला. तुमच्याकडे द्राक्षाचा बागायतदार वायनरीशी करार करतो, लोक पैसे देऊन चव घ्यायला येतात, टेबलाशी बसवून कुणीतरी त्यांना समजावून सांगतं. मामाकडे ते सांगणारं कुणी नाही. मी मामाला म्हटलंय की पुढच्या मोसमात रविवारी मी येऊन बसेन, आलेल्याला नीरो, हुर्राक, फेणी अशा क्रमानं देईन आणि थांबायला शिकवेन. मामी म्हणाली, आधी करवंटीनं पाणी ओतायला नीट शीक.

तर तू ये. मे महिन्याच्या मध्यापर्यंत भट्टी चालू असते, एकदा वळवाचा जोर लागला की बोंडू सडतो आणि सगळं आवरतात. चोर्ला घाटानं उतर, मी केरीला घ्यायला येईन. वहिनींनाही आण, मामीनं ओल्या काजूची उसळ करायचं कबूल केलंय. काकूंसाठी भाजलेले काजूगर याच पत्राबरोबर पाठवतोय.

आणि येताना ते तुझे पातळ कडेचे दोन ग्लास आण. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. मामासाठी शिराझची एक बाटली आण. मी त्याला सांगितलंय की तिच्यात मिरीचा वास येतो. त्याला ते पटत नाही, तो स्वतः हुंगून बघणार आहे.

तुझाच.