चालत्या मागावर शिकू द्या

आयटीआयमध्ये नवे अभ्यासक्रम सुरू होणार असल्याची बातमी वाचली. स्वागतच आहे, पण सोलापूरला खरी गरज चालत्या यंत्रमागावरच्या सरावाची आहे. इथल्या टेरी टॉवेलला, म्हणजे अंगावर धाग्यांचे छोटे फास (लूप) असलेल्या टॉवेलला, उभ्या धाग्यांचे दोन बीम (धागे गुंडाळलेले रूळ) लागतात. एक घट्ट, दुसरा लूपचा, सैल. दोन आडवे धागे थोडे मागे राहतात, तिसऱ्याला मागाची फणी (आडवे धागे ठोकून बसवणारा भाग) पूर्ण ठोकते आणि लूप उभा राहतो. लूपच्या बीमचा ताण जरा बिघडला की लूप कमी-जास्त होतात, टॉवेलचे वजन चुकते. ते हाताला कळावे लागते, फळ्यावर कळत नाही. शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती ३० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच आहे. आपले बरेचसे यंत्रमाग कारखाने त्याहून लहान. अशा आठ-दहा कारखान्यांत मिळून उमेदवार ठेवण्याची आणि विद्यावेतनाची सोय शासनाने आधी करावी.

– एक वाचक, सोलापूर